करून दाखवा

उलटतपासणी सुरू व्हायच्या आधी साक्षीदाराने विरुद्ध बाजूच्या वकिलाकडे सही मागावी, असं वकीलबाईंच्या उभ्या वकिलीत कधी घडलं नव्हतं. ते आज घडलं, आणि तेही नळाशी, हातात पाण्याचा अर्धा प्यालेला पेला असताना.

जेवणाची सुट्टी नुकतीच झाली होती. कोर्टाचा व्हरांडा माणसांनी फुलून गेला होता. कोणी बाकावर डबा उघडून बसलं होतं, कोणी खांबाला टेकून आपल्या वकिलाची वाट बघत होतं. त्या गर्दीतून वाट काढत साक्षीदार आला आणि त्याने पिशवीतून त्यांनी लिहिलेली कादंबरी बाहेर काढली. पानापानांत कागदाचे कपटे खोचलेले. परीक्षेच्या आदल्या दिवशी एखाद्या पोराच्या पुस्तकाचा जो अवतार होतो, तो त्या कादंबरीचा झाला होता.

"मॅडम, एक सही हवी होती."

"तुमची साक्ष अजून संपलेली नाही," वकीलबाई म्हणाल्या. "माझ्याशी बोलू नका."

"केसबद्दल कुठे बोलतोय हो? पुस्तकाबद्दल बोलतोय." तो हसला. हसणं अगदी सभ्य, गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या दुकानदाराचं. "पुस्तक एक नंबर आहे. पण शेवटाने निराशा केली बघा. एवढा आतल्या गाठीचा माणूस, तो पिंजऱ्यात उभा राहून ढसाढसा रडतो काय, सगळं कबूल करतो काय! असं कोण करतं, मॅडम? मी पुस्तक मिटलं आणि बायकोला म्हटलं, यांनी घाईत उरकलं."

वकीलबाई तिथून निघाल्याच होत्या. पण त्यांचं पाऊल अडलं, कारण तो पुढे म्हणाला, "पण तो मधला धडा मात्र झकास! ती वकीलीण आपल्या घाबरट साक्षीदाराला शिकवते तो. विचारलं तेवढंच बोला. त्यांनी गप्प बसून दाखवलं तर तुम्हीही गप्प बसा. अडचण वाटली तर आठवत नाही म्हणा आणि मोकळे व्हा. पाठ केलाय म्हणा ना मी तो धडा."

तेवढ्यात सरकारी वकील कुठूनसे धावत आले. त्यांनी साक्षीदाराला दंडाला धरून बाजूला नेलं आणि जाता जाता वकीलबाईंकडे असं बघितलं, की जणू त्यांनीच त्याला आवतण धाडलं होतं. वकीलबाईंनी पेला पुन्हा नळाखाली धरला.

सकाळपासून त्यांना काहीतरी खटकत होतं. ते काय, हे आता कळलं. हा माणूस साक्ष देताना त्यांच्याच धड्याप्रमाणे बोलत होता.

ज्या आजींच्या खुनाचा हा खटला होता, त्यांचा हा साक्षीदार पुतण्या. बाजारात त्याचं तसबिरींना चौकटी करून देण्याचं दुकान होतं. आजी एकट्या राहायच्या आणि त्यांचं सगळं करायला एक बाई होती, तिला सगळी इमारत मावशी म्हणायची. आजींना झोप लागत नसे, म्हणून डॉक्टरांनी रोज दुधातून एक गोळी चुरून द्यायला सांगितली होती. एका सकाळी आजी उठल्याच नाहीत. तपासणीत निघालं, की त्यांच्या पोटात एका गोळीपेक्षा कितीतरी जास्त औषध गेलं होतं. आजींच्या मागे घर पुतण्याला मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आजींनी आपल्या बांगड्या मावशीला द्यायचं बोलून ठेवलं होतं, आणि पोलिसांना तेवढं पुरलं. तेव्हापासून मावशी तुरुंगात होती.

पुतण्याने सकाळी सांगितलं ते थोडक्यात, आणि म्हणूनच पक्कं होतं. संध्याकाळी तो काकूंना बघायला गेला. दार उघडं होतं. आत शिरल्यावर स्वयंपाकघराच्या दारातून त्याला मावशी दिसली. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, म्हणून तिने त्याला पाहिलं नाही. तिने फळीवरून बाटली काढली, गोळ्या चुरल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग तिने पेल्यात चमचा फिरवला. त्याला तेव्हा संशय आला नाही. काकूंशी दोन शब्द बोलून तो निघाला. संपलं. सरकारी वकिलांनी पोलिसांनी जप्त केलेली ती बाटली टेबलावरून उचलून दाखवली. लेबल घासून गेलेली जुनी बाटली, तळाशी उरलेल्या गोळ्या खुळखुळल्या. "हीच?" "हीच." एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही.

मावशीचं म्हणणं वेगळं होतं. ती दूध करून, गोळी घालून, पेला झाकून गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेली होती. खाली आली तर पुतण्या निघत होता. मग तिने तो पेला आजींना दिला. पण हे सांगायला मावशीशिवाय दुसरं कोणी नव्हतं, आणि आरोपीच्या सांगण्याला कोण विचारतो?

वकीलबाईंची सगळी मदार उलटतपासणीवर होती. त्यांची एक खोड सगळ्या कोर्टाला माहीत होती. त्या मोठमोठ्याने विचारत नसत, टेबल बडवत नसत. एक साधा प्रश्न विचारायचा, उत्तर आलं की पुढचं काही विचारायचंच नाही, नुसते कागद चाळत उभं राहायचं. खोटं बोलणाऱ्याला ती शांतता सोसत नाही. तो ती भरायला जातो आणि भरता भरता फसतो. ही विद्या त्यांना त्यांच्या गुरूंनी दिली होती. त्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा आता या जगात नव्हते, हे एका परीने बरंच होतं. कारण वकीलबाईंनी ती विद्या कादंबरीत जशीच्या तशी उतरवली होती. नुसती उतरवली नाही, तर तिच्यातून सुटायचं कसं हेही एका धड्यात खुलवून खुलवून लिहिलं होतं, आणि लोकांनी तो धडा डोक्यावर घेतला होता. त्या सुखाने फुलून गेल्या होत्या. आता त्याच धड्यावर पोसलेला माणूस मावशीच्या मुळावर उठला होता.

त्या वकिलांच्या खोलीत आल्या. डबा उघडला आणि तसाच मिटला. मग त्यांनी नणंदेला फोन लावला. नणंद पुस्तकं छापायची. लेखकाच्या जिवावर उठल्यासारखी पानं कापायची, म्हणून घरात तिला सगळे कात्री म्हणत, आणि तिलाही ते आवडे.

"कात्री, त्या शिकवण्याच्या धड्यातून तू काय काय उडवलं होतंस?"

"आत्ता? वहिनी, तू जेवलीस का आधी? आवाज कसा येतोय तुझा!"

"सांग ना गं."

"अगं, काय काय म्हणून सांगू? किती लिहिलं होतंस तू! हे बघ, कोर्टाच्या कादंबऱ्या वाचणाऱ्याला कायदा शिकायचा नसतो, त्याला श्वास रोखून बसायचं असतं. तो वकिलाच्या एकच पाऊल मागे हवा. फार मागे राहिला तर पुस्तक खाली ठेवतो, पुढे गेला तर आपल्याला हसतो. आणि ऐन वेळी टोपीतून ससा काढल्यासारखा नवाच पुरावा काढलास, तर त्याचे पैसे फुकट गेले असं त्याला वाटतं. जे शेवटी लागणार ते आधी त्याच्या डोळ्यांसमोरून गेलेलं असलं पाहिजे. त्याने ते बघितलं नाही, तर तो त्याचा दोष. तेव्हाच..."

"हे भाषण मला तोंडपाठ आहे. काय कापलंस ते सांग."

"ते हातांचं कापलं. तुझी वकीलीण त्या साक्षीदाराला म्हणते, तोंडाने सांगू नको, करून दाखव. मग तो बापडा पानंच्या पानं कुलूप लावतोय आणि उघडतोय. मला जांभई आली, मी काढलं. का गं? कोणी तक्रार केली?"

"तक्रार शेवटाची आहे. तो रडतो त्याची."

"मग तो हट्ट तुझा होता, वहिनी! मी शंभरदा म्हटलं, असं कोणी रडत नाही. तर तू ऐकशील तेव्हा ना."

ते खरं होतं. इतक्या वर्षांत वकीलबाईंसमोर एकही खोटा माणूस पिंजऱ्यात कोसळला नव्हता. खोटे लोक पाणी मागतात, रुमालाने मान पुसतात, आणि साक्ष संपली की घरी जाऊन जेवतात. निदान कागदावर तरी एकाने कोसळावं, असं त्यांना फार वाटत होतं. म्हणून त्यांनी तसं लिहिलं होतं. फोन ठेवला तेव्हा त्यांना त्या शेवटाची लाज वाटली, पण लाज वाटून घ्यायला आज सवड नव्हती.

हातांचं. पुतण्याने ते वाचलेलं नव्हतं, कारण ते छापलंच गेलं नव्हतं.

पण त्यात एक ग्यानबाची मेख होती, आणि ती त्यांना आठवली. आप्पांनी हे त्यांना शिकवताना दोन्ही बाजू सांगितल्या होत्या. "बोलायचं कसं ते माणूस घरी बसून घोकतो. हातांना काही शिकवायचं त्याच्या डोक्यात येत नाही. पण पोरी, हे औषध अगदी शेवटचं. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो आपण विचारत नाही, आणि हात काय उत्तर देतील ते कोणालाच माहीत नसतं. समोरचा खरं बोलत असेल ना, तर त्याचे हात तुझ्या अशिलाला खड्ड्यात घालतील."

तेव्हा मावशी सांगते तेच खरं, ही गोष्ट आधी पक्की व्हायला हवी होती. वकीलबाई जिना उतरून तळघरातल्या खोलीत गेल्या.

मावशी भिंतीशी बाकावर बसली होती, शेजारी एक पोलीसबाई. मावशीसमोर चहा ठेवलेला होता, त्यावर साय धरली होती. वकीलबाईंना बघून ती उठायला लागली.

"बसा, बसा. मावशी, सकाळी तो बोलला ते ऐकलंत ना?"

"ऐकलं." मावशीने पदराशी चाळा केला. हातांची बोटं सांध्यांशी सुजून आखडलेली होती. "बाई, एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"त्याने बघितलं असेल का हो खरंच? म्हणजे, मी एकच घातली. हाताला एकच लागली होती. पण डोळ्यांना धड दिसत नाही आताशा. बाटली कलंडली की चारदोन पडतात तळहातावर. बाकीच्या मी चाचपून परत टाकते. रोज टाकते तशाच टाकल्या. बहुतेक." ती थांबली. "माझ्याकडून तर नसेल ना झालं?"

इतक्या दिवसांत हे मावशी पहिल्यांदा बोलत होती.

"हे कोणाजवळ बोललात?"

"नाही. देवाजवळ बोलते." मावशीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रडून ती कधीच मोकळी झाली नव्हती, हे तिच्याकडे बघून कळत होतं. "शिक्षा झाली तर होऊ दे. पण आजी माझ्या हाताने गेल्या का, एवढं मला कोणीतरी सांगा. मला दुसरं काही नको."

धीर घ्यायला खाली गेलेल्या वकीलबाई होता तोही धीर घालवून वर आल्या. जिना चढताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. आता तर अशिलालाच खात्री नव्हती. आणि मावशीच्या हातून झालं असेल, पुतण्याने ते बघितलं असेल, तर करून दाखवा म्हणणं म्हणजे आपल्या हाताने तिला तुरुंगात लोटणं.

घंटा झाली. पुतण्या पिंजऱ्यात उभा राहिला, सदरा नीट केला आणि दोन्ही हात कठड्यावर ठेवून न्यायाधीशांकडे बघू लागला. उत्तर देताना वकिलाकडे नाही, न्यायाधीशांकडे बघा. तेही धड्यात होतं. मावशीला मागच्या बाकावर आणून बसवलं होतं.

वकीलबाईंनी सवयीप्रमाणे हळू आवाजात सुरुवात केली.

"त्या दिवशी तुम्ही काकूंकडे कशासाठी गेला होतात?"

"भेटायला."

त्या गप्प राहिल्या. एक कागद उलटला, दुसरा उलटला. पंख्याची करकर ऐकू येऊ लागली. मागे कोणीतरी खोकलं. पुतण्याने डोळ्यांची पापणीही हलवली नाही. उलट त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात ओळखीचं हसू आलं, जणू जुन्या मित्राची खोडी पकडली. शेवटी न्यायाधीशच म्हणाले, "बाई, पुढचा प्रश्न?"

"तेव्हा स्वयंपाकघरात दिवा लागला होता?"

"आठवत नाही."

"मावशीने कुठल्या रंगाचं लुगडं नेसलं होतं?"

"आठवत नाही."

"किती वेळ उभे होतात दारात?"

"थोडा वेळ. नक्की आठवत नाही."

आपलीच वाक्यं परक्याच्या तोंडून ऐकणं फार वाईट. लिहिताना ती वाक्यं त्यांना किती चतुर वाटली होती! ज्याला आठवत नाही त्याला खोटं पाडता येत नाही, असं त्यांच्या नायिकेने ऐटीत म्हटलं होतं, आणि आता त्यांचेच दात त्यांच्याच घशात जात होते. सरकारी वकील खुर्चीत आरामात मागे रेलले. कारकुनाने जांभई दिली.

"आणखी काही?" न्यायाधीशांनी विचारलं.

वकीलबाई टेबलाला धरून उभ्या होत्या. नाही म्हणून खाली बसलं की संपलं. पुतण्याची सकाळची साक्ष, गुळगुळीत, ओरखडाही न उमटलेली, तशीच राहणार आणि मावशी आत जाणार. आणि विचारलं तर? त्यांनी मागे वळून बघितलं. मावशी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती आपल्या उजव्या तळहाताकडे बघत होती, त्यावर अजून गोळ्या पडलेल्या असाव्यात तशी.

एवढं मला कोणीतरी सांगा, असं ती म्हणाली होती. वकीलबाईंनी मन घट्ट केलं.

"तुम्ही चौकटी करता ना?" त्यांनी विचारलं.

पुतण्या जरा बावरला. हा प्रश्न धड्यात नव्हता. "हो."

"माझ्याकडे आईची एक जुनी तसबीर आहे. दरवेळी काच बसवताना कारागीर तिला तडा घालतात. तुम्ही कशी बसवता?"

"हरकत आहे," सरकारी वकील उठले. "आईच्या तसबिरीचा इथे काय संबंध?"

"एका मिनिटात दाखवते, साहेब."

न्यायाधीशांनी मान हलवली. पुतण्याचा चेहरा खुलला होता. त्याने कठड्यावरचे हात उचलले. "काच अशी कडेने धरायची, तळव्यांनी. मग तिरकी उतरवायची. आधी ही बाजू. मग अंगठ्याने दाबून..." त्याच्या हातांत काच नव्हती, तरी ती दिसत होती. खिळा लावायच्या आधी त्याने चौकटीच्या खाचेतला भुसाही अंगठ्याने पुसून काढला. हातातली एकही क्रिया तो गाळत नव्हता.

"छान," वकीलबाई म्हणाल्या. "आता तसंच, मावशीने त्या संध्याकाळी ओट्याशी काय केलं ते दाखवा. बोलू नका. आठवत नाही असंही म्हणू नका. नुसतं करून दाखवा."

सरकारी वकील पुन्हा उठू लागले, पण न्यायाधीशांनीच हाताने त्यांना थांबवलं. पुतण्याने क्षणभर विचार केला. बोलायचं नसेल तर फसण्याची भीती कसली? त्याने खांदे उडवले आणि सुरू केलं. न्यायाधीश टंकलेखिकेला सांगू लागले.

"साक्षीदार उजवा हात वर नेऊन फळीवरून बाटली काढतो. तळव्याने झाकण दाबून फिरवतो. झाकण उलटं करून ओट्यावर ठेवतो."

ठक, ठक, यंत्राचा आवाज तेवढा येत होता. आतापर्यंत त्यात काही वाकडं नव्हतं. कोणीही बाटली उघडली तर असंच करील. मावशीही असंच करील. आपण चुकलो, वकीलबाईंना वाटलं. आपण तिला घालवलं.

"साक्षीदार दोन बोटांनी बाटलीच्या तोंडातून काहीतरी ओढून काढतो. ते डाव्या हाताच्या करंगळीखाली धरतो. बाटली तळहातावर ओततो. पुन्हा ओततो. गोळ्या ओट्यावर ठेवून चमच्याच्या पाठीने दाबतो. एकदा मागे वळून खोलीकडे बघतो. पूड हाताच्या कडेने गोळा करून पेल्यात टाकतो." न्यायाधीश थांबले. "जरा थांबा. मघापासून करंगळीखाली काय धरलंय?"

"कापूस," पुतण्या म्हणाला.

चौकटीचं माप विचारल्यावर सांगावं, तसं त्याने ते सांगितलं. मग त्याने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. करंगळी अजून मिटलेलीच होती.

कोणी ओरडलं नाही, कोणी उठून उभं राहिलं नाही. यंत्रावर तो शब्द टंकला गेला. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी टेबलावरची ती जुनी बाटली मागवून घेतली आणि कानाशी हलवली. गोळ्या खुळखुळल्या. झाकण काढून त्यांनी आत बघितलं.

"यात कापूस नाही," ते म्हणाले. "न उघडलेल्या नव्या बाटलीत असतो. ते असू दे. तुम्ही मागे, दारात उभे होतात. ती पाठमोरी होती, असं तुम्हीच सकाळी सांगितलंत. तिच्या करंगळीखालचा कापूस तुम्हाला कसा दिसला?"

पुतण्याने तोंड उघडलं. वकीलबाई एक अक्षर बोलल्या नाहीत, कागदही चाळले नाहीत. काय बोलायचं ते आता त्याच्यावर होतं. आणि तो बिचारा शिकवलं होतं त्याला जागला. शांतता भरायची नाही, असं धड्यात होतं, म्हणून त्याने ती भरली नाही. पंखा करकरत राहिला. खरं बोलणारा माणूस एव्हाना चिडला असता, हसला असता, अहो मी आपला अंदाजाने केलं म्हणाला असता. हा कठडा घट्ट धरून उभा होता. त्याची बोटं पांढरी पडली होती आणि सगळं कोर्ट त्या बोटांकडे बघत होतं.

"आठवत नाही," तो शेवटी म्हणाला.

"माझे आणखी प्रश्न नाहीत," वकीलबाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

न्यायाधीशांनी काम तहकूब केलं. तपास अधिकाऱ्याला त्यांनी आपल्या खोलीत बोलावलं, आणि साक्षीदाराने आवार सोडून जाऊ नये असं बजावलं. पुतण्या पिंजऱ्यातून उतरला. तो रडला नाही, कोसळला नाही. त्याने हात खिशात घातले, परत बाहेर काढले, आणि ते कुठे ठेवावेत हे कळेनासं झाल्यासारखा तसाच लोंबते ठेवून चालू लागला. वकीलबाईंच्या टेबलाजवळ आल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, "हे पुस्तकात नव्हतं."

"होतं," त्या म्हणाल्या. "कंटाळवाणं वाटलं म्हणून कापलं."

त्यांना विजय वगैरे काही वाटला नाही. त्यांना भीती वाटली. एका म्हाताऱ्या बाईचं दूध ढवळणारे ते हात त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते, आणि मागे वळून खोलीकडे टाकलेली ती एक नजर. खोलीत तेव्हा आजी पडलेल्या असतील, जाग्या असतील. कोण आलंय रे, असंही विचारलं असेल त्यांनी.

"बाई." मागून मावशीचा आवाज आला.

त्या उठून मागच्या बाकाशी गेल्या. पोलीसबाई मावशीला खाली न्यायला उभी होती, पण तिने घाई केली नाही.

"कापूस म्हणाला ना तो?" मावशीने विचारलं.

"हो."

"आमच्या बाटलीत कापूस नसतो कधी. नवी आणली की पहिल्याच दिवशी खालच्या दुकानदाराला सांगून काढून घेते. माझी बोटं आत जात नाहीत." ती बोलता बोलता थांबली. मनातल्या मनात एकेक पायरी उतरत असावी तशी. "म्हणजे ती बाटली आमची नव्हती."

"नव्हती."

"ती त्याने आणली होती. मी वर कपडे काढत होते तेव्हा."

"हो, मावशी. मला तरी तसंच दिसतंय. कोर्टाला अजून ठरवायचंय, वेळ लागेल, पण..."

मावशी ते ऐकत नव्हती. कोर्टाचं काय व्हायचं ते होवो, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. तिने उजवा हात पुढे करून उघडला आणि तळव्याकडे बघितलं.

"म्हणजे मी एकच घातली होती," ती म्हणाली.

आणि मग ती रडली. तोंड झाकून नाही, आवाज दाबून नाही, ढसाढसा, सगळं अंग हलवून. जाणारे लोक थबकले, कारकुनाने फायली बांधायचं थांबवलं. कात्रीने शंभरदा म्हटलं होतं, पुतण्यानेही आज नाव ठेवलं होतं, की कोर्टात असं कोणी रडत नाही! रडतात. फक्त त्यांनी चुकीच्या माणसाला रडवलं होतं.

वकीलबाई बाकावर मावशीच्या शेजारी बसल्या आणि तिचा तो आखडलेला हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"एकच घातली होती, मावशी," त्या म्हणाल्या. "एकच."